निवडीच्या कागदावरचा शेरा

एका मुलीच्या नावापुढं मी ‘हात संथ’ असा शेरा लिहिला. तिचे हात संथ नव्हते, आणि हे मला लिहितानाच माहीत होतं. आधी एवढं सांगून टाकतो. पुढं कुठं मी स्वतःला सावरून घेतोय असं वाटलं, तर वाचणाऱ्यानं मला तिथंच थांबवावं.

मी लहान मुलांचा सर्जन आहे. क्रांती चौकातून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल लागतं. सर्जरीचं एम. एस. झालेल्या एका डॉक्टरला आम्ही दर वर्षी घेतो आणि पुढची दोन वर्षं मुलांच्या शस्त्रक्रिया शिकवतो. जागा एक, अर्ज पंधरा-वीस. दोन किलोच्या बाळाचं आतडं करंगळीपेक्षाही बारीक असतं. तिथं टाका चुकला तर दुसरा घालायला जागा उरत नाही. त्यामुळं कोणाला घ्यायचं, यावर आमच्याकडं वर्षभर बोलणं चालायचं, अगदी कँटीनमध्येसुद्धा.

निवड थोरले सर करायचे. हॉस्पिटल त्यांनीच उभं केलेलं. सरांची शाळेची पहिली वर्षं उर्दूत गेली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, शाळा मराठी झाली, पण काही शब्द सरांनी सोडले नाहीत. मुलांच्या आयांना ते ‘तबियत कशी आहे’ असंच विचारत, आणि आम्ही घाई केली की ‘सबर, सबर’ म्हणून मनगटावर चिमट्याची उलटी बाजू मारत. ऑपरेशन झाल्यावर पोटावरच्या चिकटपट्टीवर ते पेनानं उंदीर काढायचे. शेपटी लांब असली तर मूल लवकर घरी जाणार, असा त्यांचा मुलांशी करार होता. शेपटी आणखी वाढवून द्या म्हणून रडणारी पोरं मी पाहिली आहेत.

सरांच्या निवडीत मुलाखत नसायचीच. अर्जांतून चौघांना बोलवायचं आणि सगळ्यांना आठ दिवस वॉर्डात आणि थिएटरमध्ये वावरू द्यायचं. सर राउंड घेताना चष्म्यावरून बघत राहायचे. स्टेथोस्कोप छातीला लावायच्या आधी तळहातात धरून कोमट करतो का? आईशी उभ्यानं बोलतो, की स्टूल ओढून बसतो? आपल्याला येत नाही हे कबूल करायला किती वेळ घेतो? आठव्या दिवशी दुपारी सर थिएटरच्या सिस्टरना आपल्या खोलीत बोलवत आणि एकच प्रश्न विचारत.

“सिस्टर, तुमचा नातू टेबलावर असता, तर या चौघांतल्या कोणाच्या हातात दिला असता?”

सिस्टर लासूर स्टेशनच्या. रोज सकाळच्या गाडीनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. अंगानं काडी, आवाज मात्र कांद्याच्या लिलावात शोभेल असा. एका वर्षी एक सुवर्णपदक मिळवलेला उमेदवार आला होता. सरांनी प्रश्न विचारला, तशा सिस्टर म्हणाल्या, “नातू ऱ्हाऊ द्या सर. माझी शेळी बी देणार नाय त्याच्या हातात.”

“का हो? हुशार आहे.”

“हुशार हाय की. पण काल हत्यार खाली पडलं तर माझ्याकडं बघितलं त्यानं. पाडलं कोणी, बघतोय कोणाकडं?”

सर हसले, आणि सुवर्णपदक परत गेलं. मला ते पटलं नव्हतं. माझी स्वतःची निवडही अशीच झाली होती, हे मी तेव्हा सोयीनं विसरलो होतो. माझ्या वेळी सिस्टरनी माझ्याबद्दल काय सांगितलं होतं, ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं: “म्हटलं, पोरगा घाबरट हाय, पण घाबरला की विचारतो. चालंल.”

मी एका परिषदेला जाऊन आलो आणि डोक्यात घेऊन आलो की निवड शास्त्रशुद्ध व्हायला पाहिजे. सरांचं वय झालं होतं, डोळे मंदावले होते, मोठी ऑपरेशनं मीच करत होतो. सरांनी कौतुकानं मला हवं ते करू दिलं. मी छापील गुणपत्रक तयार केलं: गाठी बांधणं, फोमच्या तुकड्यावर टाके घालणं, ताणून बसवलेल्या गॉजच्या जाळीदार कापडावर काढलेलं वर्तुळ रेघेवरून कात्रीनं कापणं, आणि प्रत्येकाला लागलेला वेळ. वॉर्डातले आठ दिवस ठेवले, पण त्यांना गुण नाहीत. सिस्टरना विचारायची पद्धत बंद. “नातवाच्या प्रश्नावर डॉक्टर निवडतात, असं बाहेर कळलं तर लोक हसतील सर,” असं मी म्हणालो होतो. सर म्हणाले, “हसू दे ना. तुला लाज वाटते का?” मला वाटत होती.

त्या वर्षीच्या चौघांत ती होती. सिल्लोडकडची, शेतकरी घरातली, घरात पहिलीच डॉक्टर. कमी बोलायची, बोलली की खाली मान घालून. दुसऱ्या दिवशी मी तिला एका अकरा दिवसांच्या बाळाला सलाईनची सुई लावताना पाहिलं. असल्या बाळांची शीर दिसतच नाही, बोटाला लागते. दोघं जण थकून बाजूला झाले होते. ती स्टूल घेऊन बसली, बाळाचा पाय आपल्या हातात धरून नुसती थांबली. चांगली दोन-तीन मिनिटं. मग पहिल्याच झटक्यात सुई आत. बाळाची आई म्हणाली, “ताई, तुमचा हात लागला अन् रडायचं थांबलं बघा.” मी पुढं निघून गेलो. ते माझ्या गुणपत्रकात कुठं बसत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी तीच मुलगी कोलमडली. गाठी बऱ्या जमल्या. टाके घालताना हत्यार हातात फिरवत राहिली, एकदा या हातात, एकदा त्या. आणि कात्री हातात आल्यावर गॉज कापलाच जाईना. दुमडून पात्यांमध्ये अडकायचा. ती घामाघूम झाली. कात्री दुसऱ्या हातात घेतली, वर्तुळ कसंबसं पुरं केलं. जो मुलगा पहिला आला, त्याच्या दुप्पट वेळ. तो मुलगा खरंच झपाट्याचा होता. देखणं काम, शिवाय हसतमुख. मी विद्यार्थी असताना मला जसं दिसायला आवडलं असतं तसा तो दिसत होता. त्यालाच घ्यायचं हे माझं मनोमन ठरून गेलं.

चाचणी संपली आणि सिस्टरनी मला हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

“साहेब, त्या पोरीला कात्री कोणती दिली तुम्ही?”

“सगळ्यांना दिली तीच.”

“तेच म्हणते मी. ती पोरगी डावखुरी हाय. आठ दिवस बघतेय. जेवती उजव्यानं, लिहिती उजव्यानं, पण सुई हातात आली की डावा. आपल्या समद्या कात्र्या उजव्या हाताच्या. डाव्यात धरली तर पाती फाकत्यात, कापत नाय.”

हे मला सांगायची गरज होती का? मी सर्जन आहे. कात्रीची पाती कशी एकमेकांवर दाबली जातात हे मला कळत नव्हतं असं नाही. गॉज दुमडला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हणालो, “मग तिनं सांगायचं होतं.”

“कशी सांगंल? घरी मारून मारून उजव्यानं जेवाया लावलं आसंल. कॉलेजात सर लोकांनी चिडवलं आसंल. तुम्ही इचारा की तिला.”

“बघू,” मी म्हणालो.

त्या ‘बघू’ नंतर मी जे केलं, ते मला अजूनही त्या शेऱ्यापेक्षा जास्त टोचतं. निवडीची बैठक दुपारी चारला ठरली होती. मी ती साडेसहाला ढकलली. कारण काहीतरी सांगितलं. खरं कारण एवढंच, की तोवर सिस्टर लासूरच्या गाडीत बसलेल्या असतील. पद्धत मी बंद केली होती, पण सर जुने माणूस. दारातून सिस्टर जाताना दिसल्या असत्या तर त्यांनी सवयीनं हाक मारली असती.

साडेसहाला सर आणि मी, दोघंच. तिच्या नावापुढं ‘हात संथ’ हा शेरा मी आधीच लिहून ठेवला होता. सरांनी चारही कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचले. तिच्या कागदावर थांबले.

“हिचा हात असा का अडखळतो रे? राउंडला मला वेगळं वाटलं होतं. तू जवळून पाहिलंस. काही अडचण आहे का तिची?”

मी म्हणालो, “नाही सर. हात संथ आहे, बाकी काही नाही.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग “बरं, तू म्हणतोस तर,” म्हणून मुलाच्या कागदावर सही केली.

मी असं का केलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की निकष सगळ्यांना सारखे हवेत. हे खोटं आहे. डावखुऱ्या माणसाला शिकवायचं म्हणजे मला सगळं उलटं करावं लागलं असतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं, माझी प्रत्येक हालचाल आरशात बघितल्यासारखी उलटी करून दाखवायची, कोपराला कोपर आपटून घ्यायचं, दोन वर्षं. मला त्याचा कंटाळा आला. आणि माझं नवंकोरं गुणपत्रक पहिल्याच वर्षी चुकलं, हे सरांसमोर कबूल करायचं नव्हतं. कंटाळा आणि मिरवणं, याहून मोठं काही त्यात शोधून सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लावला. ती मला भेटायला आली. “सर, कुठं कमी पडले तेवढं सांगता का? सुधारीन मी.”

मी तिला बसायलाही सांगितलं नाही. म्हणालो, “हे फार बारीक काम असतं. तुमचा हात या कामाचा नाही. जनरल सर्जरी करा, चांगलं कराल.”

ती “थँक्यू सर” म्हणाली, नमस्कार केला आणि गेली.

निवडलेला मुलगा चांगला निघाला, हेही सांगायला हवं. त्याच्या हातून काही विपरीत झालं आणि माझे डोळे उघडले, असं काहीच झालं नाही. दोन वर्षं मन लावून शिकला, आता पुण्यात आहे, गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. त्यामुळं मला कधी कोणी जाब विचारला नाही. एक सिस्टर सोडून. त्याही सरळ विचारायच्या नाहीत. थिएटरमध्ये कात्री हातात देताना म्हणायच्या, “घ्या साहेब, उजवीच हाय.” नवा विद्यार्थी गोंधळून माझ्याकडं बघायचा. मी मान खाली घालून काम करत राहायचो.

चार वर्षांनी सर गेले. शेवटच्या महिन्यात मी रोज त्यांच्याकडं जात होतो. त्यांचे पाय चेपत बसायचो, ते हॉस्पिटलच्या गप्पा विचारायचे. सांगायला तीस दिवस मिळाले होते. सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सिल्लोडहून एक बाळ आलं. एका दिवसाचं, आतडं मध्येच बंद. अशी बाळं खेड्यापाड्यांतून येतात तेव्हा बहुतेक वेळा गार पडलेली असतात. ऑपरेशन चांगलं होऊनही मग हाती लागत नाहीत. हे बाळ कापसाच्या जाड थरात गुंडाळलेलं होतं, डोक्याला टोपी, नाकातून नळी घालून पोट रिकामं केलेलं, सलाईन चालू. सिस्टरनी कापूस सोडला आणि बाळाच्या पोटावर हात ठेवला.

“अगं बाई! भाकरीसारखं गरम हाय की. साठ किलोमीटरवरनं आलंय हे?”

सोबत चिठ्ठी होती. नळी किती वाजता घातली, किती पाणी निघालं, लघवी किती वेळा झाली, ताप कोणकोणत्या वेळी मोजला, सगळं ओळीनं. खाली सही. सही वाचून मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. “कोण हो डॉक्टर?” मी नाव सांगितलं. त्या बाळाकडं वळल्या, आणि तो दिवस मला फार जड गेला.

ते बाळ वाचलं. नंतर दर दोन-चार महिन्यांनी सिल्लोडहून एखादं मूल यायचं. तसंच ऊबदार, तशीच चिठ्ठी. मी उत्तरादाखल ऑपरेशनचा तपशील पाठवायचो, शेवटी ‘आभारी आहे’. एकदा ‘आभारी आहे’च्या खाली आणखी एक वाक्य लिहायला घेतलं आणि कागद फाडून टाकला. सर म्हणायचे ती सबर कुठल्याही गुणपत्रकाशिवाय अँब्युलन्समधून माझ्या टेबलावर येत होती, आणि मी तिला पोच देत होतो.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोप समारंभ ठरवायला मी त्यांना विचारलं, “काय भेट देऊ सिस्टर? संकोच करू नका.”

“देणार का खरंच?”

“बोला तर.”

“सिल्लोडला जाऊन या.”

मी समारंभाच्या यादीचा कागद घडी करायला लागलो.

“तुमच्या त्या साडेसहाच्या मीटिंगचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं साहेब. म्हातारे सर असताना बोलले नाय, तुम्ही पोराबाळांसाठी राबताना दिसता म्हणून बी बोलले नाय. आता मी चालले. आता कात्री देताना टोमणा मारायला बी कोणी नाय ऱ्हाणार तुम्हाला.” एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थिएटरमध्ये तीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

पुढच्याच रविवारी गेलो. जळगाव रस्त्यावर फुलंब्री गेल्यावर एकदा गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो, परत फिरावं की काय असं वाटून. बाजारपेठेच्या मागं तिचं दोन मजली हॉस्पिटल आहे. बाहेर बाकावर बुरख्यातल्या बायका, मक्याच्या भावावर बोलणारे म्हातारे, पोरांचा कलकलाट. मी आल्याचं कळल्यावर ती स्वतः जिन्यावरून पळत खाली आली. केस पिकायला लागले होते.

“सर, तुम्ही? फोन तरी करायचा! आता आलाच आहात तर हात धुवा. तीन वर्षांच्या पोराचा हर्निया आहे, भूल द्यायला डॉक्टर येऊन बसलेत. माझा असिस्टंट लग्नाला गेलाय. येता का?”

मी कपडे बदलले. सवयीनं मुलाच्या डाव्या बाजूला, मदतनिसाच्या जागी जाऊन उभा राहिलो. ती हसली. “सर, ती माझी बाजू.” मी फिरून पलीकडं गेलो. पहिली पाच मिनिटं माझं कोपर सारखं तिच्या कोपरावर आपटत होतं. ती न चिडता नुसतं “सर, जरा इकडं,” म्हणायची. ट्रेमध्ये उलट्या पात्यांची कात्री होती. मुंबईहून मागवून घेतलेली. तिच्या डाव्या हातात ती कशी चालत होती, ते मला नीट लिहिता येणार नाही. एकही हालचाल दोनदा झाली नाही. टाके तिनं डावीकडून उजवीकडं घातले, आणि शेवटी कापल्याची रेघ दिसेनाशी झाली. मी मदतनीस म्हणून फक्त धागा धरला होता.

नंतर तिच्या खोलीत चहा आला. बाहेर गर्दी वाढत होती, तरी ती निवांत बसली. म्हणाली, “इथं आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी लहान मुलाला हात लावला नाही सर. हर्निया आला की तुमच्याकडं नाहीतर घाटीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवायचे. वाटायचं, आपला हात नाही त्या कामाचा. मग एकदा पावसात रस्ता बंद झाला, पोर अडकलं, करावंच लागलं. तेव्हापासून साधी-साधी करते. बारीक काम तुमच्याकडं.”

मी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

“पण एक सांगू का सर? बाकी दोन ठिकाणी मला नुसतं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले होते. तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत. वाईट वाटलं, पण म्हटलं, एक माणूस तरी आपल्याशी खरं बोलला.”

मी कप खाली ठेवला. घरून निघताना पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

“मी खरं बोललो नव्हतो,” मी म्हणालो. “तुम्ही डावखुऱ्या आहात हे मला चाचणीच्या वेळीच कळलं होतं. सिस्टरनीही सांगितलं होतं. कात्री चुकीची होती, हात नाही. सरांनी मला विचारलं, तेव्हा मी त्यांच्यापासून लपवलं, कारण तुम्हाला शिकवायचे कष्ट मला नको होते. मग वर तुम्हालाच सांगितलं की तुमचा हात या कामाचा नाही. तुमचा हात याच कामाचा होता. ती दोन वर्षं तुम्ही जे स्वतःबद्दल मानत होतात, ते मी सांगितलेलं खोटं होतं. ती जागा आता मला परत देता येत नाही. माझं चुकलं, डॉक्टर. मला माफ करा.”